दोघांची नावं

विमा कंपनीच्या त्या पत्राला परुळेकरांनी उत्तरच दिलं नव्हतं. आता हॉस्पिटलला बिलांऐवजी दर ज्येष्ठ सभासदामागे महिन्याला ठरावीक रक्कम मिळणार होती, तो आजारी पडो वा न पडो. यादीत नवरा-बायको दोघांची नावं कायम ठेवायची का, एवढंच पत्रात विचारलं होतं. पण बायको वारली, हे लिहायला त्यांचा हात धजेना. मग सभासद आजारीच पडू नयेत म्हणून हॉस्पिटलची नर्स घरच्या फोनवर चौकशी करू लागली. आज ती म्हणाली, "काका, बीपीची गोळी विसरलात ना?" "कोण म्हणालं?" "काकूच! काल दुपारी फोन केला तेव्हा तुम्ही लायब्ररीत होतात. म्हणाल्या, हे वाचत बसले, गोळी पुस्तकातच राहिली." गोडदेव भागातल्या त्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत. त्यांनी उशाजवळचं पुस्तक उघडलं. पानांत गोळी होती. ती गिळून ते लिहायला बसले. संध्याकाळी त्यांनी उत्तर टपालपेटीत टाकलं: 'दोघेही आहोत. नर्सनं फोन दुपारीच करावा. तेव्हा ती घरी असते.'