मृदंग्याचा चेहरा

सप्ताहाच्या शेवटच्या कीर्तनात बुवांनी देवळातल्या फोटोकडे बोट केलं. "महापुरात घरं बुडाली, पण या माणसाचा मृदंग थांबला नाही! त्याच आवाजाच्या रोखानं माणसं टेकावरच्या देवळात पोचली. शेवटी मागं राहिलेल्यांना आणायला खाली उतरला, आणि पाण्यानं त्यालाच नेलं. घाला बरं हार!"

"थांबा!" बायकांतून सारजाबाई उठल्या. "हे माझे मालक न्हवंत. पूर ओसरल्यावर पेपरवाला फोटो काढायला आला. जागा रिकामी दिसू नये म्हणून पाटलांच्या पाव्हण्याला मृदंगामागं बसवलं. मालकांचा फेटा मीच दिला, माझ्या हातानं."

"आजी, पन्नास वर्षं यांनाच हात जोडतोय की आम्ही!" कुणीतरी म्हणालं आणि मंडपात हशा पिकला.

बुवा मात्र कनवाळू. त्यांनी टाळ थांबवले. "माय, मग मालक दिसायचे कसे? तुम्ही सांगा, आम्ही तसंच गाऊ."

सारजाबाईंनी डोळे मिटले. मृदंगाला कणीक लावणारी बोटं आठवली, अंगठ्यावरचा व्रण आठवला, फेटाही आठवला. फेट्याखाली मात्र फोटोतला पाव्हणा हसत होता. पांडुरंगाचं नाव घेऊन त्यांनी पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा तोच. आणि आता तो थेट मालकांच्या आवाजात बोलला, "सारजे, ओळखलं न्हाईस व्हय?"

परक्या पुरुषासमोर ओढावा तसा सारजाबाईंनी पदर पुढं ओढला, आणि खाली बसल्या.