दोघं, तयार

"दोघं. तयार," वायरलेसवर लेवेंतेचा आवाज आला आणि वेंडेलने दातओठ खाल्ले.

नियम नियमच असतो. ग्लायडरमध्ये, म्हणजे त्या बिनइंजिनाच्या विमानात, किती माणसं बसली आहेत ते दोर ओढणाऱ्या यंत्रावरच्या माणसाला, म्हणजे वेंडेलला, आधी सांगावं लागतं; एकाला हळू ओढायचं, दोघांना जोर लावून. पण हा पोरगा "दोघं" असं म्हणायचा, की जणू लग्नपत्रिकाच वाचतोय. पुढच्या सीटवर एटेल्का, म्हणजे वेंडेलची बायको. मागच्या सीटवर तिला उडायला शिकवणारा लेवेंते. एप्रिलपासून दर रविवारी हेच चाललं होतं.

वेंडेलने यंत्र चालू केलं. मैदानाच्या त्या टोकाला गवतातून पांढरं विमान सरकलं आणि दोराला लागून पतंगासारखं वर चढू लागलं. निम्म्यावर आलं तसा त्याने जोर काढून घेतला. दोर सुटून खाली आला. उंची कमी म्हणजे एक छोटीशी चक्कर, की उतरा खाली. महिनाभर तो हेच करत होता. कुणी विचारलंच तर यंत्र तापतंय म्हणायचं.

विमान उतरलं तशी बेनीकाकांची जुनी लाडा मोटार गवतावरून खडखडत आली. दोराचं टोक पलीकडे विमानापर्यंत ओढून न्यायचं काम त्यांचं. हल्ली ते वेंडेलचं जेवणही आणायचे, चरबी लावलेला पाव आणि कांदा. पूर्वी एटेल्का ते स्वतः चालत घेऊन यायची.

"काय रे, अजून तापतंय?" बेनीकाकांनी विचारलं. "यंत्र म्हणतोय मी. तुझं दिसतंच आहे."

"कांदा तिखट आहे."

"अजून चावलाही नाहीस लेका."

वेंडेलने पाव तसाच मांडीवर ठेवला. "काका, एक दिवस मी त्या पोराचं नाक फोडणार आहे."

"फोड की. या मैदानाने जर्मन पाहिले, रशियन पाहिले, सरकारी शेतीवर औषध मारणारी विमानं पाहिली. तुमची मारामारी तेवढी बघायची राहिलीय." काकांनी दोराचं टोक गाडीला अडकवलं आणि ते निघून गेले.

वेंडेल पाव चावत लांब बघत राहिला. विमानापाशी दोन ठिपके होते. एक ठिपका विमानात बसला, दुसरा त्याच्यावर वाकला. पट्टे बांधत असणार. पण पट्टे बांधायला एवढा वेळ? त्याचं चावणं थांबलं.

वायरलेस खरखरला. "एकटी. तयार."

आवाज एटेल्काचा होता.

"काय?"

"एकटी, वेंडेल. हळू ओढ हं."

त्याच्या छातीवरचा धोंडा एकदम उतरला. मागची सीट रिकामी! तो एकटाच मोठ्याने हसला. मग त्याने इतक्या मायेने ओढलं, की पाळण्याची दोरीही कुणी तशी ओढत नसेल. निम्म्यावर जोर काढला नाही. अगदी डोक्यावर येईपर्यंत तिला चढू दिलं. दोर सुटला, तेव्हा ती कधी नव्हे इतकी वर होती.

लाडा पुन्हा आली. ती थांबायच्या आधीच लेवेंतेने बाहेर उडी मारली.

"वेंडेलदादा, तुमचा वायरलेस द्या, माझा बंद पडलाय. पहिल्यांदाच एकटी सोडलीय. एकच चक्कर मार म्हणून सांगितलं होतं मी तिला."

तिघांनी वर पाहिलं. सूर्यफुलांच्या शेतावर करकोचे घिरट्या घालत होते. त्यांच्यात पांढरं विमानही फिरत होतं आणि दर फेरीला लहान होत होतं.

"ती वर चढतेय," वेंडेल म्हणाला.

"चढणारच. तुम्ही महिनाभर कमी उंचीवर सोडत होतात ना, त्यातूनच शिकली ती. एवढ्याशा उंचीवरून वर नेणारी हवा हुडकायला बाकीच्यांना दोन-दोन वर्षं लागतात." लेवेंतेची नजर वरच होती. "ती सगळ्यांना सांगते, ही माझ्या नवऱ्याची कृपा."

वेंडेलने उरलेला पाव बाजूला ठेवून दिला. बेनीकाकांनी तोंड फिरवून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते.

आता तरी जळणं थांबायला हवं होतं. पण ते थांबेना, उलट भडकलं. लेवेंतेचं नाक अगदी हाताशी होतं, आणि ते फोडण्यात आता काही राम उरला नव्हता. वर एटेल्काला कुणाचीच उणीव भासत नव्हती. एवढ्या खालूनही ते दिसत होतं.

वेंडेलने वायरलेस तोंडाशी धरला. "एटेल्का, खाली ये."

आधी नुसती खरखर. मग तिचं हसणं.

"अजून थोडा वेळ. इथून आपलं घर काडेपेटीएवढं दिसतंय!"

"एटेल्का, उतर!" लेवेंते त्याच्या खांद्यावरून ओरडला.

"नीट ऐकू येत नाहीये. कोण बोलावतंय मला?"

वेंडेलने शेजारी पाहिलं. लेवेंते मान वर करून, तोंड उघडं टाकून उभा होता. असाच चेहरा वेंडेलला महिनाभर दाढी करताना आरशात दिसत होता.

त्याने बटण दाबलं.

"दोघं," तो म्हणाला.