नऊ नंबरचा टब

"पाण्याला घाई करू नकोस, पोरी. वरून गार ओतून त्याला मारायचं नसतं. त्याचं त्याला निवू दे."

एल्बाकाकूंनी हे सांगितलं त्याला सव्वीस हिवाळे झाले. आज पहाटे हॉटेलातल्या नऊ नंबरच्या खोलीत नळ सोडताना एतेल्विनाच्या कानाशी तोच आवाज पुन्हा बोलला. रिओ ओन्दो गावचं पाणी जमिनीतूनच कढत येतं. पहाटे टब भरायचा, खिडकी उघडी टाकायची, तेव्हा कुठे अकराच्या सुमाराला ते अंगाला सोसतं. एतेल्विना त्या वर्षी कामाला नवी होती. तिनं घाईघाईत बादलीभर गार पाणी ओतलं होतं. काकू रागावल्या नाहीत. बाही सरसावून त्यांनी पाण्यात कोपर बुडवलं, आणि तान्ह्या बाळाबद्दल बोलावं तसं त्या पाण्याबद्दल बोलल्या.

काकू मे महिन्यात गेल्या. इकडे हिवाळा जुलैत; ती थंडी पडली तसे त्यांचे नवरे, फेर्मीनकाका, आले, एकटेच.

दर हिवाळ्यात दोघं यायची तेव्हा काकू काउंटरवरच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आणली बाई माझी हाडं पुन्हा." काकांचं सगळं आयुष्य रानटी घोडी माणसाळवण्यात गेलेलं. माणूस काठीसारखा ताठ. ते म्हणायचे, "घोडी म्हातारी झाली, आता ऊन पाणी मागते." सगळे हसायचे. सगळ्यांत जास्त काकू. मग काका त्यांचा दंड धरायचे आणि दोघं एकेक पायरी करत जिना चढायची. चार दिवस गेले की त्याच काकू विसरलेला चष्मा आणायला एकट्या पळत वर जायच्या. हॉटेलातली माणसं नव्या पाहुण्यांना बोट करून दाखवायची, बघा, याला म्हणतात आमच्या पाण्याचा गुण. एतेल्विनानंही किती जणांना दाखवलं होतं.

अकरा वाजता दोघांमागं न्हाणीचं दार लागायचं. आतून काकूंचं गाणं सुरू व्हायचं, चांगलं खणखणीत.

*नदीबाई, नदीबाई, हळू हळू जा गं,*
*दमला घोडेस्वार माझा, त्याला निजू दे गं.*

एतेल्विना बाहेर चादरींच्या घड्या घालत ऐकायची. तेवढा अर्धा तास तिला स्वतःच्या दुखत्या कमरेचाही विसर पडायचा. काकू बाहेर यायच्या तेव्हा केस कोरडे आणि ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्याचिंब. काय ही धांदल, अंग पुसायलासुद्धा थांबत नाहीत, असं मनाशी म्हणत एतेल्विना तो ब्लाउज गच्चीवर वाळत घालायची.

या हिवाळ्यात मालकीणबाईंच्या जावयानं, ओस्वाल्दोनं, खोल्याखोल्यांतून कागद वाटले. एका बाजूला टबाचं चित्र, एका बाजूला शॉवरचं. हवं त्यावर फुली मारायची. टब फार जागा खातात, पाणी खातात, शहरातल्या माणसांना दोन मिनिटांत आंघोळ उरकायची असते, असं त्याचं म्हणणं. कागदांनी त्याचीच बाजू धरली. एकेक करून टब निघाले. नऊ नंबरपाशी मात्र तो थांबला. इथं सव्वीस वर्षांचा हक्क आहे, फेर्मीनकाका म्हणतील तसं होईल, असं म्हणाला. एतेल्विना निर्धास्त झाली.

काल संध्याकाळी काकांनी जेवणघरातच फुली मारली. शॉवरवर. वर सगळ्यांदेखत म्हणाले की टब म्हणजे बायकांचे लाड, गड्याला उभ्यानं आंघोळ पुरते. ओस्वाल्दोनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. कामकरी उद्या येणार होते.

एतेल्विनाचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दोन महिने, आणि एवढ्यात पुसून टाकली बाईला? म्हणून कुणी सांगितलेलं नसताना तिनं पहाटे टब भरला, आणि अकराला दारात उभी राहिली. काका नाश्त्यावरून सावकाश आले. भिंतीला हात लावत आले, हे तिनं पाहिलं. म्हातारपण, दुसरं काय.

"पाणी निवलंय, काका," ती म्हणाली. "गार घातलेलं नाही. काकूंनी शिकवलं तसंच केलंय."

ते न्हाणीत गेले. टबापाशी उभे राहिले. पाण्यावर वाफेचा एक पातळ पदर तेवढा उरला होता. त्यांनी टबाच्या काठाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"काढू दे तो टब, एतेल."

मग तिलाही राहवलं नाही. "काढतील हो. पण ती बाई सव्वीस वर्षं यात न्हाली. यात गायली. तुमच्या एका फुलीनं तिचं इथं काहीच उरणार नाही. एवढं कसं जड झालं तुम्हाला काकूंचं पाणी?"

 काका वाकून पाण्याला हात लावायला गेले आणि मधेच अडकले. ना खाली, ना वर. एतेल्विना धावली. तिनं खालून, पाण्यातून हात घालून त्यांना काखेत धरून सरळ केलं. तेवढ्यानं तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. काका त्या बाह्यांकडे बघत राहिले, खूप वेळ. 

"उतरवणार कोण मला आता यात?" ते म्हणाले. "हाडं तिची नव्हती गं, एतेल. माझी होती. एकही दिवस ती या टबात बसली नाही. मी बसायचो. आणि ती गायची, ती माझं कण्हणं बाहेर तुला ऐकू जाऊ नये म्हणून."