पाणी होईपर्यंत

आईनं चिमूटभर खाद्य बोटांत चुरलं आणि टाकीवर भुरभुरलं. टाकीत मासा एकही नव्हता. तळाशी धुतलेली वाळू, चार पाणवनस्पती, कोपऱ्यात बुडबुडणारा फिल्टर आणि बाकी नुसतं पाणी.

"झालं का जेवण पाण्याचं?" लेकीनं मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं. निवृत्तीची भेट म्हणून टाकी तिनंच आणली होती, त्याला पाच आठवडे होऊन गेले. "लोक सकाळी टाकी आणतात नि संध्याकाळी मासे सोडतात. तुझी आपली रोज भुतांची पंगत."

"भुतं नव्हेत गं, जंतू. खाद्य कुजलं की त्याचं विष होतं, ते विष खाऊन हे जगतात. आधी यांचं बिऱ्हाड बसू दे. घाईनं सोडलेले मासे पोहत येतात आणि उताणे जातात."

बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत शहराचं पाणी तपासलेली बाई. पाण्याच्या बाबतीत तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. अडचण एकच होती, मोतीबिंदूची. निळा आणि जांभळा तिला आता सारखेच दिसत. म्हणून तिनं काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, औषधाचे पाच थेंब टाकले, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबली आणि नळी पांढऱ्या कागदासमोर धरून लेकीपुढे केली.

"ठमे, रंग सांग. जांभळा असेल तर विष आहे अजून. निळा असेल तर पाणी झालं."

"जांभळाच."

"नीट बघितलंस?"

"बघितलं गं आई. कालच्यासारखाच आहे."

आईनं वहीत लिहिलं, नळी धुऊन उपडी घातली. "राहू दे. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेली.

पुढचे पंधरा दिवस घरात माणसांची ये-जा होती. ठमी सकाळी उठली की टाकीत चिमूटभर खाद्य टाकायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. नळीला मात्र तिनं हात लावला नाही.

आवराआवर करायला मावशी राहिली होती. आईची धाकटी बहीण, कामाला वाघ. स्वयंपाकघराचे कप्पे उरकून एका सकाळी तिनं मोर्चा टाकीकडे वळवला. फिल्टर उघडला, तर आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत.

"शी! ताई एवढी टापटिपीची, आणि हे बघ काय!" असं म्हणत ती स्पंज घेऊन सिंककडे निघाली. नळ सोडलासुद्धा.

"मावशी, थांब! नळाखाली नको धरूस!"

ठमी एवढ्या मोठ्यानं या पंधरा दिवसांत बोलली नव्हती. मावशीनं दचकून नळ बंद केला.

"अगं, घाण आहे ती."

"घाण नाही. आईनं पाळलेत ते जंतू. नळाच्या क्लोरीननं मरतील."

मावशीनं हातातल्या स्पंजाकडे पाहिलं. त्यातून एक तपकिरी थेंब निथळला. "हे पाळलेत?" तिचा आवाज खाली आला. "आणि जिवंत आहेत कशावरून?"

ठमीनं दोन्ही हातांनी स्पंज घेतला, जागेवर बसवला आणि टाकीखालची वही काढली. आईनं आखलेले तीन रकाने. तारीख, रंग, निरीक्षक. प्रयोगशाळेतली जुनी शिस्त होती ती. ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याचंच नाव लिहायचं. तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं. शेवटची ओळ आई गेली त्याच्या आदल्या दिवसाची. जांभळा. निरीक्षक, ठमी.

त्या दिवशी ती मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला विनोद वाचत होती. नळी कुठल्या रंगाची होती, देव जाणे.

तिनं नळी भरली. पाच थेंब मोजून टाकले, मावशीला घड्याळ बघायला सांगितलं. मग पाच मिनिटं करायचं काय, म्हणून टाकीसमोर खाली बसली आणि पहिल्यांदाच आत बघत राहिली.

एका रोपाला नवं पान फुटलं होतं, इतकं कोवळं की त्यातून पलीकडचा उजेड दिसावा. पानाच्या कडेवरून बुडबुड्यांची बारीक माळ वर चढत होती. काचेवर मोहरीएवढी एक गोगलगाय चालली होती. तिला कुणी आणलं नव्हतं. इवलं तोंड उघडत मिटत ती काच चाटत होती, जणू ती काच तिच्यासाठीच वाढून ठेवली होती. आणि जे दिसत नव्हते ते कोट्यवधी, वाळूच्या कणाकणाला बिलगून, त्या बुळबुळीत स्पंजात दाटीवाटीनं, आपलं काम करत होते. इतके आठवडे ती याला रिकामी टाकी म्हणत आली होती. हे तर गजबजलेलं घर होतं.

मावशी ओल्या हातांनी तिच्याशेजारी येऊन बसली. दोघींचा श्वास काचेवर उमटत होता.

"झाली पाच मिनिटं," मावशी हळूच म्हणाली.

ठमी नळी घेऊन खिडकीशी गेली. मागे पांढरा कागद धरला. पाहिलं. कागद सरळ करून परत पाहिलं. नळी मावशीच्या हाती दिली नाही, की रंग कोणता दिसतो म्हणून तिला विचारलं नाही.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं."

फिल्टर बुडबुडत राहिला.

"आज बघितलं. निळा आहे."