काळोख्या ग्रहाची गोष्ट

"वहिनी, तुम्ही गाळलंत."

"काही नाही गाळलं."

"विहिरीतून हात वर आला आणि पुढच्याच वाक्यात सकाळ झाली? मधली रात्र कुठं गेली?"

वहिनीने पुस्तक मांडीवर आपटलं. "दुपारी या घरात आपण दोघंच असतो, भाऊजी. हे वाचलं की मला मोरीत जायची पंचाईत होते."

दीर पलंगावर पालथा पडला होता. कपाळ एका उशीवर, हनुवटी दुसरीवर, मधल्या फटीत नाक. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनला सहा दिवस झाले होते. मान वर करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसरा डोळा लहानपणीच चेंडू लागून गेला होता. घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपायचे, ही त्याची नोकरी. पट्टीखालच्या डोळ्याला किती दिसेल, ते सोमवारी कळणार होतं. आज शनिवार होता.

त्याचा उजवा पाय सकाळपासून पलंगाच्या कडेवर ठकठक करत होता.

"त्यापेक्षा माझं ऐका," वहिनी म्हणाली. "ती ड्रॅगनची कादंबरी काढते. राजकन्या आहे, बोलणारी तलवार आहे. कुणाच्या अंगावर काटा येत नाही."

"तलवार बोलते?"

"बोलू दे की. तुमच्या विज्ञानकथांतल्या यंत्रमानवांसारखं भाषण तरी देत नाही."

तो हसला आणि मान हलली. वहिनीने पटकन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हसू तिथंच विरलं.

"किती वाजले?"

"मघापेक्षा पाच मिनिटं जास्त."

पाय पुन्हा ठकठकू लागला. मग तो म्हणाला, "कपाटात खालच्या फळीवर एक निळं पुस्तक आहे. सूर्य विझलेल्या ग्रहाचं. ते वाचा."

वहिनी जागची हलली नाही. "ते नको. तुम्हीच म्हणाला होतात, रटाळ आहे, हात लावू नका."

"तेव्हा होतं."

ती थोडा वेळ त्याच्या मानेकडे बघत राहिली. मग उठून पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. या वेळी तिने काही गाळलं नाही. त्या ग्रहावर माणसं काळोखातच जन्मत होती. घराघरांतून दोर बांधलेले होते, ते धरून बाजारात जात होती. आवाजावरून भाऊबंद ओळखत होती, भांडत होती, लग्नं करत होती. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, ठकठक थांबली आहे.

"थांबा जरा," तो म्हणाला. "ती माणसं पाणी कसं ओततात? लिहिलंय?"

तिने मागची पानं चाळली, पुढची चाळली. "लढाईचं लिहिलंय. यान कोसळलं त्याचं लिहिलंय. पाण्याचं काही नाही."

"बघा!" त्याचा आवाज चढला. "चारशे पानं लिहिली आणि एवढं साधं नाही! लेखक उजेडात बसून लिहीत होता, दुसरं काय. मला लढाया कुठं करायच्यात, वहिनी? मला..." पुढचं उशीत गेलं.

वहिनीने पुस्तक उपडं ठेवलं, आतून तांब्या आणि फुलपात्र आणलं आणि त्याच्या उशाशी जमिनीवर बसली. डोळे मिटले आणि ओतायला लागली.

पहिल्यांदा पाणी तिच्या पायावर सांडलं.

"काय झालं?"

"काही नाही. थांबा."

दुसऱ्यांदा फुलपात्र भरून वाहिलं. तिसऱ्यांदा तिने काठावरून एक बोट आत सोडलं आणि हळूहळू तांब्या कलता केला.

"बोट आत धरायचं," ती म्हणाली. "पाणी बोटाला लागलं की थांबायचं. एवढंच आहे."

पालथं पडूनच त्याने पलंगावरून खाली हात सोडला. हात ओल्या फरशीवर चाचपडत फुलपात्र शोधू लागला. वहिनीने डोळे उघडले. फुलपात्र त्याच्या बोटांपासून वीतभर दूर होतं.

तिने ते पुढे सरकवलं नाही.