तळमजल्याची सही

घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगला खेटून सुपरमार्केट झालं आणि त्यांचे दोन जनरेटर थेट तळमजल्यावरच्या मालनमावशींच्या खिडकीखाली आले. आम्ही सगळ्यांनी हरकत घेतली, म्हणून वॉर्ड ऑफिसचे साहेब पाहणीला आले. सकाळपासून लाईट गेलेली, जनरेटर खिडकीत धूर सोडत धडधडत होते.

"वरचे उगाच बोंबलतायत, साहेब," सुपरमार्केटचा मॅनेजर म्हणाला. "सगळ्यात जवळ मावशी राहतात. रोज भांडायच्या, आज चकार शब्द काढला नाही."

साहेबांनी 'तळमजला : तक्रार नाही' असं लिहिलं आणि सहीसाठी मावशींचं दार वाजवलं. आवाजात ऐकू जात नसेल, म्हणून जनरेटर बंद करायला लावले.



तेव्हा कुठे आम्हाला ऐकू आलं, आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि गॅस बंद करायला कोणीच उठत नव्हतं.