राणी परत येते

मालिकेच्या सातव्या भागात धुक्याच्या राज्याची राणी मेली आणि माझी दहा वर्षांची मधुवंती ताटावरून उठली. "खोटं दाखवून राह्यले हे! राणी परत येते. आईनं तसंच वाचलं होतं."

तिच्या आईला, शारदाला, जाऊन वर्ष झालं. आजारात अंथरुणावर पडल्यापडल्या ही मालिका जिच्यावर काढली, ती जादूची कादंबरी ती रोज मधूला वाचून दाखवायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचो. पुस्तक कधी हातात घेतलं नाही. पण माझंही डोकं सणकलं. मोबाईलवर त्या भागाखाली लांबलचक कमेंट ठोकली, 'पुस्तक न वाचताच मालिका काढता का? बुलढाण्यात बसलेल्या माणसाले काही कळत नाही, असं वाटते का तुम्हाले?' लगेच कोणीतरी विचारलं, 'राणी परत येते ते पान कितवं, सांगा.'

मी तावातावानं कपाटातून पुस्तक काढलं. राणी एकशे बाराव्या पानावर मेली होती. पुढं शेवटपर्यंत ती कुठंच नव्हती.

मुकाट्यानं कमेंट उडवली, पुस्तक जागेवर ठेवलं आणि मधूला म्हणालो, "तुझंच बरोबर आहे बेटा. टीव्हीवाल्याईनंच बदलवलं."

"मले माहीत आहे पुस्तकात काय आहे ते. आई वाचे तेव्हा मी बाजूलेच बसून पानाकडे पाहत होती," ती म्हणाली.

"आईनं बदलवलं ना माझ्यासाठी?" मधू पुढं म्हणाली. "मग टीव्हीवाल्याईले बदलवायले काय धाड भरली होती?"